बुधवारची मोजणी

२९ जानेवारी, गुरुवार

"बुधवार म्हणजे आमचा रविवार."

विजयमालाकाकींचं वाक्य. वीस वर्षं तरी झाली असतील. नोकरीला लागून आठवडाच झाला होता आणि मी नकाशाची गुंडाळी द्यायला आमच्या ऑफिसच्या पृथ्वीराज सरांच्या घरी गेले होते. दार उघडलं तर रश्श्याचा वास. मी विचारलं, आज काय सण आहे? तर काकी, म्हणजे सरांच्या आई, म्हणाल्या, सण कसला, बुधवार म्हणजे आमचा रविवार. वसाहतीत बुधवारी सगळ्या फौंड्र्या बंद. मालकपण घरी, कामगारपण घरी. बस, ताट वाढलंय. — माझी आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्यानंतर कितीतरी बुधवार त्या घरात जेवले.

आज ते वाक्य आठवलं ते चहावरून.

औद्योगिक वसाहतीसमोरचा हायवे रुंद होतोय. त्याचा वाहतुकीचा अभ्यास आमच्या ऑफिसकडे. वसाहतीच्या फाटकासमोर दुभाजकात एक फट आहे. पलीकडच्या वस्तीतल्या बायका त्या फटीतून कामाला येतात-जातात. ती ठेवायची की बुजवायची, एवढाच प्रश्न. बरीच माणसं ओलांडत असतील तर रस्त्याखालून भुयारी मार्ग द्यावा लागतो. नसतील तर बुजवायची, आणि पार पुलापाशी जाऊन वळून या म्हणायचं. मी नणंदेच्या मुलीच्या लग्नाला मलकापूरला होते तेव्हा ऑफिसातल्या नव्या प्राचीनं मोजणी उरकली. आज अहवालाचा मसुदा वाचला. 'पादचाऱ्यांची वर्दळ नगण्य.'

नगण्य!

प्राचीला बोलावलं. म्हटलं, हे काय आहे? तर म्हणाली, "खरंच कोणी नव्हतं मॅडम. चहासुद्धा मिळाला नाही. सगळ्या टपऱ्या बंद."

त्या फाटकासमोर चहाची टपरी बंद? तिथं तर भर दुपारी उभं राहायला जागा नसते. मी विचारलं, वार कोणता होता?

"बुधवार."

मग मी तिला सगळ्यांसमोर बोलले. बरंच बोलले. शिकलीस काय, डोळे कुठं होते, तुझ्या एका दिवसानं त्या बायकांचा रस्ता जाणार आहे. ती एवढंच म्हणाली, "आठवड्याच्या मधला दिवस घ्यायचा असतो ना, मॅडम." पुस्तकात तसंच आहे हे खरं. पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्या वसाहतीची सुट्टी काय माहीत. पण प्राचीला माहीत हवं होतं. तिचं शिरोळ काय विलायतेत आहे?

सर त्या आठवड्यात पुण्यात होते. नाहीतर हे झालंच नसतं. फौंड्रीवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस.

राग अजून उतरलेला नाही.


३० जानेवारी, शुक्रवार

ऑफिस सुटल्यावर फटीपाशी जाऊन उभी राहिले. एकटीच.

मला हे आवडतं — माणसं कशी उभी राहतात, कुठून वळतात, कुठल्या झाडाखाली थांबतात ते बघणं. लग्नातसुद्धा माझं लक्ष नवरीकडे नसतं, पंगतीला लोक कुठल्या दारानं घुसतात तिकडं असतं. सयाजी म्हणतात, बायकोला बाहेर नेलं की ती गर्दी बघते, मी बायको बघतो. नवऱ्याचे हे विनोद आता पाठ झालेत.

पाळी सुटली. कोअर करणाऱ्या बायका, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवणाऱ्या, फाटकातून बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत काळे. पण लगेच ओलांडत नाहीत. कडेला थांबतात. आणखी येतात, आणखी थांबतात. घोळका पुरेसा मोठा झाला की सगळ्यात पुढची हात वर करते आणि घोळकाच्या घोळका निघतो. गाड्या हॉर्न मारतात. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत असला तर मात्र फटीतच थांबायचं, कारण ट्रॅक्टरवाल्याला ब्रेक लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक. फटीतलं गवत पायांनी झिजून पार माती दिसायला लागलीय. याला नगण्य म्हणायचं.

पुढे हात करणारी शालूबाई. माझ्या हातातला तक्ता बघून म्हणाली, "काय वो, पावणं, काय मोजताय?"

म्हटलं, तुम्हाला.

"मग मला दोनदा मोजा. सकाळी येतो आन् सांच्याला जातो."

मागची एक म्हणाली, "हिला चारदा मोजा, हिचं अंग बघा की." सगळ्या हसल्या. मग शालूबाईनं विचारलं, फट बुजवणार म्हणत्यात, खरं हाय?

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

खोटं बोलले का? आज तरी मला ते खरं वाटतंय.


१ फेब्रुवारी, रविवार

भाकरी करपल्या. दोन वेळा. सयाजी काही न बोलता जेवले, त्याचाही राग आला.


२ फेब्रुवारी, सोमवार

सर आज ऑफिसला आले. मी त्यांच्या खोलीत गेले ते दार न वाजवताच.

सांगितलं सगळं. फेरमोजणी करू म्हटलं, मी स्वतः उभी राहते, रजा टाकून राहते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. त्यामुळे समोरच्याचा आवाज नेहमी मोठा वाटतो.

"चूक झाली खरी. मी पुण्यात होतो, नाहीतर मीच थांबवलं असतं. प्राची नवीन आहे."

मग दुरुस्त करू की, म्हटलं.

"अहवाल शनिवारी गेला, स्नेहल."

मला न दाखवता? आतल्या पानावर वाहतूक नियोजक म्हणून माझं नाव छापलंय! म्हणाले, तू रागात होतीस, म्हणून म्हटलं उगाच कशाला. आणि मग तेच, ठरलेलं — फेरमोजणी मागणं म्हणजे आपण चुकलो असं लेखी देणं. पुढची कामं मिळायची नाहीत. "आणि कुणाला तरी जबाबदार धरावंच लागेल. प्राचीला काढावं लागेल. चालेल तुला?"

मला चालेल का!

बाहेर आले तर प्राची तिच्या जागेवर मान खाली घालून बसलेली. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही. नवऱ्याची शिरोळला शेती, पुरात दोनदा गेलेली. तिच्या नोकरीवर तिचं या शहरातलं राहणं आहे. मला तिची कीव यायला हवी होती. आला रागच. एक दिवस, एक साधा दिवस नीट निवडता आला नाही हिला, आणि आता हिच्यासाठी मी गप्प बसायचं.


३ फेब्रुवारी, मंगळवार

प्राची माझ्याशी बोलली नाही. मीही नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

आज काकींकडे जेवायला गेले. खरं म्हणजे जेवायला नाही, गाऱ्हाणं घालायला. सर आईचं ऐकतात. वाटलं, काकींनी एक शब्द टाकला तर सर फेरमोजणीचं पत्र लिहितील. सर घरी नव्हते, वसाहतीतल्या कुठल्या बैठकीला गेले होते. बरंच झालं म्हटलं.

काकींनी पांढरा रस्सा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता, कमी तिखटाचा. वीस वर्षं ठेवतात. मी ताटावर बसले आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना. घास हातातच.

"काय गं, पातळ झालाय रस्सा?"

नाही काकी.

"मग गिळत का न्हाईस? त्या दिशी ती तुमची पोरगी पण अशीच बसलीवती. शिरोळची."

प्राची?

"व्हय, तीच. आमच्या पृथ्वीला काय अक्कल हाय का बघ. जैनाची पोर, आणि बुधवारची आणली घरला! मी म्हटलं, अरं बाबा, हिला वाढू काय? घरभर मटणाचा वास. कांदा चालत न्हाय, लसूण चालत न्हाय. मग वेगळ्या पातेल्यात वरणभात लावला, बाहीर तुळशीपाशी पाट टाकला, ताक दिलं. पोरगी गुणाची. तोंड वाकडं केलं न्हाय."

मी विचारलं, कधी आली होती ती?

"तू लग्नाला गेलतीस की मलकापूरला, तवा. पृथ्वीच म्हणाला, आई, पोरगी सकाळधरनं फाटकासमोर उभी हाय, आज तिथं चहा पण मिळायचा न्हाय, दोन घास घालू. माझ्या पोराचं मन तसं मोठं हाय."

मी रश्श्यात भाकरी कुस्करायला घेतली.

पुण्यात नव्हते ते. इथं होते, या घरात, मोजणीच्याच दिवशी. वसाहत बंद आहे, टपऱ्या बंद आहेत, मुलगी तिथं माणसं मोजत उभी आहे, हे सगळं माहीत असलेला माणूस. तिला उपाशी ठेवलं नाही. गाडीत घालून घरी आणलं, आईकडून वेगळं ताट वाढून घेतलं, आणि जेवण झाल्यावर परत नेऊन सोडलं. रिकामा रस्ता मोजायला.

"चुकलं का काय माझं?" काकींनी विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं असणार.

म्हटलं, तुमचं काही नाही चुकलं.

सगळं ताट संपवलं. काकींच्या घरात टाकता येत नाही. प्रत्येक घासाला राग येत होता.


५ फेब्रुवारी, गुरुवार

प्राचीला घेऊन ऑफिसबाहेर गेले, कोपऱ्यावरच्या टपरीवर. दोन चहा सांगितले. विचारलं, दिवस कोणी ठरवला होता?

"सरांनी."

मग त्या दिवशी मी एवढी ओरडले तेव्हा बोलली का नाहीस?

तिनं चहाकडे बघत उत्तर दिलं. "तुम्ही विचारलंच नाही, मॅडम. तुम्ही सांगत होता."

मी कप खाली ठेवला.

मग हळूहळू म्हणाली, सर म्हणाले होते, शांत दिवस आहे, पहिल्यांदा एकटी मोजतेयस, गोंधळ होणार नाही. जेवायलाही घरी नेलं. "मला वाटलं, किती काळजी घेतात." आणि माझं ओरडणं ऐकल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की बुधवारी काय असतं. सरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, मॅडमना सांगू नकोस, त्या चिडतील, मी बघतो.

मी तिची माफी मागितली. ती "असू दे हो" म्हणाली. असू दे म्हणाली की झालं, असं माझं मला वाटत नाही. सगळ्यांसमोर बोलले होते; माफी मात्र टपरीवर, चहावाल्यासमोर. उद्या ऑफिसात मागायला हवी.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

मागितली. सगळ्यांसमोर. प्राची लाजली, बाकीचे संगणकात डोकी घालून बसले.

मग सरांच्या खोलीत.

"आईनं सांगितलं वाटतं," असं म्हणून चक्क हसले. अपराधी हसू नव्हतं ते, थकलेल्या माणसाचं होतं. म्हणाले, "बस. भुयारी मार्ग आला की नवा आराखडा, नवी मंजुरी. दोन वर्षं काम थांबणार. तोवर या अरुंद रस्त्यावर किती माणसं मरतील, ती मोजशील तू?"

मला उत्तर सुचलं नाही. दारापाशी येईपर्यंत नाही, घरी येईपर्यंत नाही. याचाच राग जास्त आला.

आता भांडी घासताना सुचलं. मग तसं लिहायचं होतं! माणसं आहेत, पण आम्हाला घाई आहे, असं लिहायचं. ते वाचून कोणीतरी भांडलं असतं, कोणीतरी मान्य केलं असतं. माणसंच नाहीत असं का लिहिलं? आणि माझ्या नावानं?

मी निघताना एवढंच म्हणाले, "आईला यात आणू नकोस." आणि प्राचीचं काय, तर "तू शांत राहिलीस तर तिला कशाला काढू?"

काकी मला आईसारख्या आहेत, हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच बोलले.


७ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी फटीपाशी गेले तर प्राची आधीच येऊन उभी. मी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला उभी राहिली, तक्ता घेऊन. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी तिच्याकडे बघत होते — ओठ हलवत मोजते, मीही या वयात तशीच मोजायचे.

घोळका निघाला तेव्हा ओरडली, "मॅडम, हात पुरत नाहीये!"

शालूबाई आमच्यापाशी थांबली. यावेळी हसली नाही. "बुधवारी बुजवणार म्हणत्यात. कंत्राटदाराची माणसं खांब रोवून गेली. मग आम्ही चढून जाणार की. पुलापातूर कोण चालत जातंय, दिवसभर उभं राहून? एक पाय हिकडं, एक पाय तिकडं. पडलं तर पडलं."

ती माझ्या खांद्याला लागते. दुभाजकाची भिंत तिच्या कमरेच्या वर येणार आहे. नकाशा मी बघितलाय.


९ फेब्रुवारी, सोमवार

रस्त्याच्या कामाच्या कार्यालयात गेले. आम्ही दोघींनी केलेली मोजणी घेऊन. टेबलामागच्या साहेबांनी आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला. मग अहवाल काढला.

"बाई, हे नाव तुमचंच ना?"

हो.

"मग तुमच्याच नावाचा अहवाल चूक, असं तुम्हीच म्हणताय?"

हो.

"संस्थेचं पत्र आणा. व्यक्तीच्या सांगण्यावर आम्हाला काही करता येत नाही." मग जरा सौम्यपणे, "आणि आता उशीर झाला हो. परवा काम आहे. बुधवारी."

मी विचारलं, बुधवारीच का?

"वसाहतीला सुट्टी असते ना. तिथं कोण नसतं त्या दिवशी. कामात अडथळा नको."

किती सहज बोलले! म्हणजे माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, साहेबाला, कंत्राटदाराला, खांब रोवणाऱ्या पोरांना. बुजवायला बुधवार कसा सोयीचा ते सगळ्यांना पाठ आहे. मोजायच्या दिवशी तेवढं कोणाच्या ध्यानात नव्हतं.

चहा प्यायले नाही. उठले.

सयाजींना सांगितलं तर आज विनोद केला नाही. म्हणाले, "सोडायची असली नोकरी तर सोड. पण सोडून फट उघडी राहणार आहे का?"

नाही राहणार. तेच तर.


१० फेब्रुवारी, मंगळवार

काकींचा फोन आला होता. "उद्या बुधवार, येतीस न्हवं? पृथ्वी म्हणाला, तू रुसलीस. आमच्या घरावर रुसायचं न्हाय, पोरी." मी म्हटलं, सकाळी कळवते.

दिवसभर विचार केला. त्या वसाहतीत काकींना ओळखत नाही असा माणूस नाही. त्या जिथं बसतील तिथं कंत्राटदाराचा माणूस टिकाव चालवणार नाही. पण त्यांच्या मुलानं काय केलं ते आधी सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून. वीस वर्षांत त्या घराकडे काही मागितलं नाही, न मागता मिळत गेलं. उद्याचं मागणं ऐकून त्या नाही म्हणतील. पोटचा मुलगा आहे. त्यानंतर कदाचित कुठलाच बुधवार नसेल. तरी सकाळी फोन करणार. बोलताना फाटे फुटू नयेत म्हणून इथं लिहून ठेवते.

काकी, आज माझं ताट घरात वाढू नका. डब्यात घ्या, आणि फाटकासमोरच्या फटीत या. आपण दोघी तिथंच बसून जेवू.